सूरच्या खाडीतलं शीड

आम्ही माबेल्याहून सूरला राहायला निघालो तेव्हा पुढे सामानाचा ट्रक होता, मागे आमची गाडी, आणि गाडीत मी तोंड फुगवून बसले होते. माबेला म्हणजे काही स्वर्ग नव्हे. मस्कतच्या टोकाची वस्ती, कामावर जाण्यायेण्यात नवऱ्याचा अर्धा जन्म गाडीत जायचा. पण तिथे हाकेच्या अंतरावर मराठी घरं होती, गणपतीत आरतीला माणसं होती, आणि माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायका होत्या. नवऱ्याला सूरजवळच्या गॅसच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली आणि माझं हे सगळं सुटलं.

"आहे काय त्या सूरमध्ये?" मी वाटेत विचारलं.

"समुद्र आहे," नवरा म्हणाला. "तुला काय नवीन?"

नवीन नव्हतंच. माझं माहेर देवगड तालुक्यातलं, अगदी खाडीच्या तोंडावरचं. अंगणातून होड्यांच्या काठ्या दिसायच्या. आईला मात्र गावाचं नाव ऐकूनच आवडलं. "गाण्यातलो सूर तो?" तिने फोनवर विचारलं, आणि मी नाही म्हटलं तरी तिने सगळ्या शेजारपाजारात तसंच सांगितलं.

पहिले काही महिने मला ते गाव झोपलेलं वाटलं. पांढरी, चपटी घरं. मध्ये खाडी, अलीकडे सूर, पलीकडे ऐजा नावाचं जोडगाव, दोघांमध्ये एक झुलता पूल. ऐजाच्या टोकाला बुटकं पांढरं दीपगृह. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडायचा आणि बगळे चिखलात पाय रोवून उभे राहायचे. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. संध्याकाळी म्हातारे अरब समुद्राकडे तोंड करून बसायचे, चहा प्यायचे, आणि एकमेकांशी न बोलताही त्यांचं बरं चाललेलं असायचं.

आमच्या इमारतीसमोर एक जुनं घर होतं. घर साधंच, पण त्याचं दार असं की येताजाता पाय थांबावा. जाड सागवान, त्यावर कमळं कोरलेली, मोठे पितळी खिळे. एकदा मी तशी थांबलेली असताना आतून एक म्हातारी आली. सत्तरी ओलांडलेली, बारीक, ताठ. तिने दारावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाली, "बंबई का है. मेरा दादा लाया." दादा म्हणजे आजोबा.

गल्लीतली मुलं तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत. मीही तेच म्हणू लागले. तिचं बोलणं म्हणजे अरबी, त्यात मोडकी हिंदी, आणि रागावली की मध्येच स्वाहिली, कारण तिची आई झांझिबारला वाढलेली. माझं अरबी तेव्हा 'यल्ला, खलास, इन्शाल्ला' एवढ्यातच संपायचं. तरी आमचं जमलं. तिने मला पडदे शिवायला दिले आणि मी ते शिवत असताना तिने मला सूर सांगितलं.

हे झोपलेलं गाव एके काळी इथल्या समुद्राचा राजा होतं, असं ती म्हणायची. मलबारहून सागवान यायचं आणि खाडीच्या काठावर एकाला एक लागून जहाजं उभी राहायची. सुतारांच्या हातोड्यांच्या आवाजात बाळं झोपायला शिकायची. इथली जहाजं खजूर भरून मुंबईला जायची, तिथून तांदूळ आणि कापड घेऊन यायची, मग आफ्रिकेचा किनारा गाठायची. वारा बदलला की परत. पुरुष वर्षातले कित्येक महिने समुद्रावर, त्यामुळे गाव चालवलं बायकांनी. मग आगबोटी आल्या, पुढे रस्ते आले, तेल सापडलं. तरणी पोरं कुवेतला नोकरीला गेली. एकेक कारखाना थंड पडला. आता खाडीकाठी नावापुरतं जहाजकाम उरलं होतं, आणि ते बघायला पर्यटक यायचे.

"गाव झोपलं नाही," ती मला एकदा म्हणाली. माझ्या मनातलं तिने बरोबर ओळखलं होतं. "गाव वाऱ्याची वाट बघतंय."

तिचा थोरला भाऊ नोखदा होता, म्हणजे जहाजाचा कप्तान. आमच्याकडे नाखवा म्हणतात, तोच हा शब्द. ऐंशीच्या घरातला, लांब हातांचा, कमी बोलणारा माणूस. शिडाच्या जहाजांचा शेवटचा काळ त्याने तरणेपणी स्वतः पाहिला होता आणि मुंबईच्या बंदरात शिकलेली हिंदी तो अजून जशीच्या तशी बोलायचा. त्याच्या वडिलांची एक लहान नाव वर्षानुवर्षं वाळूत आडवी पडून होती. त्या हिवाळ्यात त्याने हट्टाने ती दुरुस्त करून घेतली. फळ्या बदलल्या, कापसाने फटी भरल्या, तेल पाजलं, नवी डोलकाठी उभी केली. मी खालाकडे पडदे लावायला गेले होते तेव्हा तो आला आणि पडवीत बसून राहिला.

"क्या हुआ?" खालाने विचारलं. भावाशीही ती माझ्यासमोर हिंदीत बोलायची, मला कळावं म्हणून.

"नाव तैयार है. शीड बनानेवाला कोई नहीं." तो खरोखर 'शीड' म्हणाला. मुंबईच्या बंदरावर कुणा कोकण्याकडून उचललेला शब्द असणार. "जो आदमी था, मर गया. उसका लड़का मस्कत में बँक में है. मोटर से चलाएगा, और क्या."

मी शिडीवर उभी होते, तोंडात पडद्याच्या पिना होत्या. त्या काढल्या आणि म्हणाले, "मैं सिएगी."

का म्हणाले, मला अजून माहीत नाही. त्याच्या तोंडून आमचा शब्द आला म्हणून असेल. माझे आजोबा, आईचे वडील, शिडं शिवायचे हे मला ठाऊक होतं; पण मी जन्मले तोवर ते गेले होते. मी आयुष्यात ब्लाउज, परकर आणि पडदे यांच्यापलीकडे काही शिवलेलं नव्हतं.

नोखदाने माझ्याकडे वर बघितलं. मग बहिणीकडे. खाला म्हणाली, "मी बापाला दोऱ्याला मेण लावून द्यायची. मला आठवतंय. आम्ही दोघी करतो."

तो हसला नाही हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "शीड चादर नहीं होता."

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी त्याने आम्हाला किनाऱ्यावर नेलं. वहाणा काढल्या, हातात काठी घेतली आणि ओल्या वाळूवर तो चालायला लागला, मागे रेघ सोडत. कुठे थांबून डोळे मिटायचा, डोलकाठीकडे वळून बघायचा, परत चालायचा. शेवटी वाळूत एक प्रचंड आकार तयार झाला; त्रिकोणच, पण पुढचं टोक छाटलेला. आम्ही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना दोर गुंडाळला, आणि त्या दोरावरून मापं घेतली. भरती आली तेव्हा आकार पुसला गेला होता, पण तोवर तो आमच्या दोरात आला होता.

जाड सुती कॅनव्हास नवऱ्याने मस्कतहून आणून दिला. माझं मशीन पहिल्याच टाक्याला रडलं, म्हणून सगळं हाताने शिवायचं ठरलं. आमच्या इमारतीची गच्ची मोठी होती. तिथे आम्ही कापडाचे लांब पट्टे अंथरले आणि एकाची कड दुसऱ्यावर घेत जोडायला बसलो. नोखदाने वडिलांचा पत्र्याचा डबा दिला. त्यात जाड, तिधारी सुया होत्या, आणि तळहातावर चढवायचे चामड्याचे पट्टे. कापड इतकं जाड की बोटांनी सुई जातच नाही. पट्ट्यावर धातूची चकती असते, तिने तळव्याच्या जोराने सुई ढकलायची. पहिल्या आठवड्यात माझा हात संध्याकाळी भाकरी थापायच्या लायकीचा राहायचा नाही. नवरा मुकाट भात लावायचा.

दोघींचं काम नव्हतंच ते. खालाच्या दोन सुना यायला लागल्या, आधी गंमत म्हणून, मग नेमाने. माझ्या मजल्यावरची केरळची नर्स ड्युटी संपली की यायची. तिचा टाका आम्हा सगळ्यांत नीट, कारण तिचा हात रोज माणसांच्या कातडीवर चालायचा. कॉफीचा थर्मास, खजूर, माझ्या पोह्यांचा डबा, आणि मध्ये हे पांढरं मैदान. ज्या गावात माझ्याशी बोलायला कुणी नाही म्हणून मी कुढत होते, त्या गावात मला आता बोलायला वेळ पुरेना.

शेवटी कडेने दोर शिवायचा होता. शिडाचा सगळा ताण त्या दोरावर येतो. आम्ही कापड आणि दोर दोन्ही ताठ ताणून, सुरकुती म्हणून राहू न देता, सगळ्या बाजू शिवून काढल्या. गच्चीवर पसरलेलं ते शीड बघून खालाच्या थोरल्या सुनेने टाळ्या वाजवल्या. मला माझाच अभिमान वाटला.

शीड चढवायच्या दिवशी सकाळी अर्धं गाव पुलाजवळ जमलं. नाव पुलाच्या समुद्राकडच्या अंगाला उभी होती. नोखदा आणि त्याचे म्हातारे सोबती दोर ओढायला लागले, त्यांच्या घशातून कसलीशी जुनी हाळी निघाली, आणि आमचं शीड वर गेलं. वारा आला.

आणि काहीच झालं नाही. शीड पाटासारखं सपाट राहिलं. वारा त्याच्यावर आपटून बाजूने निघून गेला. नाव जराशी तिरकी झाली, पाण्यात सरकल्यासारखी वाटली, आणि भरतीबरोबर उलटी मागे यायला लागली. काठावर कुणी तरी हसलं. वाईट मनाने नव्हे, पण हसलं. नोखदाने वर बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "मोटर लगाव."

घरी येऊन मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि शेवटी रडलेच. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माका शीड दाखव."

मी गच्चीवर फोन घेऊन गेले. सुनांनी ते परत आणून टाकलं होतं. मी तिला कड दाखवली.

"दोर आणि कापड एकसारख्या ताणलंस गो?"

"हो. एक चुणी नाही पडू दिली."

"थयच चुकला." ती चक्क हसत होती. "तू बाही कशी लावतंस? मुंढ्याक बाही लावताना कापड ताणतंस काय?"

"नाही. मुरवते."

"कित्याक?"

"हात हलायला जागा लागते म्हणून."

"मगे? वाऱ्याक जागा नको? माझो बापूस दोर ताणून धरी आणि कापड सैल सोडी. थोडा थोडा मुरवत जाय. मी बाजूक बसान बघलंय. शिडाक पोट होया गो, पोट!"

मी तिथेच गच्चीवर बसले. ब्लाउजची बाही मी डोळे मिटून लावते. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठाच कापायचा असतो, आणि ते जास्तीचं कापड एकही चुणी न दिसता टाक्याटाक्यात जिरवायचं असतं. तेव्हाच खांद्याला गोलाई येते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. फक्त हे शीड म्हणजे एक बाही आहे, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी मी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं आणि सांगितलं, दोर उसवायचा. सगळ्या कडांचा. पुन्हा शिवायचा.

धाकटी सून मटकन खालीच बसली. नर्सने आधी मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटून घेतलं आणि मग कात्री उचलली. खालाने विचारलं, "खात्री आहे, बिन्ती?" मला ती बिन्ती म्हणायची, माझी लेक. मी खाली घरी गेले, माझा एक ब्लाउज आणला, त्याची बाही उलटी करून तिला दाखवली. तिने बोट फिरवलं. जिथे कापड जिरलं होतं तिथे ते थांबलं. मग ती भावाला बोलवायला स्वतः जिना उतरून गेली.

नोखदाने ती बाही हातात धरून बराच वेळ बघितली. एवढा मोठा माणूस आणि हातात माझा अबोली रंगाचा ब्लाउज. एरवी मी लाजेने मेले असते. त्याने बाहीत मूठ घातली, ती फुगवली, आणि म्हणाला, "हां. हां! मेरा बाप भी ऐसा करता था. मैं भूल गया था."

मग आम्ही उसवलं आणि शिवलं. या वेळी दोर खुंट्यांना ताणून बांधला आणि कापड टाक्याटाक्याला थोडं थोडं आत घेत गेलो. खालच्या पुढच्या कोपऱ्यात जास्त, वर जाताना कमी. नोखदा रोज यायचा, कडेवर हात फिरवायचा आणि काही न बोलता जायचा. तो काही बोलत नाही म्हणजे बरं चाललंय, असं खाला सांगायची.

पुन्हा शीड चढवायचं ठरलं तेव्हा हिवाळा संपत आला होता. पहाटेनंतर इथे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, आमच्या भूगोलाच्या पुस्तकातला मतलई वारा. त्यावर खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं आणि दुपारच्या समुद्रवाऱ्यावर परत यायचं, असा बेत होता. किनाऱ्यावर आलो तर नोखदाची माणसं नावेत बसली होती. खाला माझा हात धरून पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि थांबली नाही. चपला वाळूत ठेवल्या, काळा, पायघोळ अबाया घोट्यापर्यंत उचलला आणि सरळ पाण्यात उतरली.

"कुठे?" भाऊ ओरडला.

"शीड बघायला."

"काठावरून दिसतं."

"काठावरून मी जन्मभर बघितलं," ती म्हणाली. "बापाचं बघितलं, नवऱ्याचं बघितलं, तुझं बघितलं. हे माझं आहे. हे मी आतून बघणार."

शिडाच्या जहाजावर इथल्या बायका चढत नसत, असं मी ऐकलं होतं. नोखदा बहिणीकडे बघत राहिला. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि ती काही मागे फिरणार नव्हती. मग त्या म्हाताऱ्याने वाकून आपला लांब हात पुढे केला. "तेरी बेटी को भी ला," तो म्हणाला.

मी साडी नेसले होते याचा मला पश्चात्ताप झाला, पण थांबले नाही.

शीड वर चढलं. क्षणभर ते सैल लोंबत राहिलं. मग मागून वारा आला आणि शीड भरलं. खरंच भरलं, पडद्यात हवा शिरावी तसं नव्हे, एका झटक्यात, आवाज करत. खालच्या कोपऱ्यापासून वरच्या टोकापर्यंत ते गोल, तुकतुकीत, पुढे झुकलेलं पोट; आणि त्याच्या कडेवर एकही सुरकुती नाही. दोर कण्हला, डोलकाठी कुरकुरली आणि नाव धावायला लागली. मला वाटलं होतं नाव हळूहळू वेग घेईल. ती उडीच मारून निघाली.

काठावर बायकांनी जीभ हलवत आनंदाची ती लांब किलकारी दिली, आणि ऐजाच्या बाजूनेही तशीच आली. गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. पांढरं दीपगृह आमच्या बाजूने सरकत गेलं आणि नावेच्या नाकाडाखाली खाडीचं हिरवं पाणी संपून समुद्राचं निळं पाणी सुरू झालं. नोखदाचा एक सोबती, दात नसलेला, मोठमोठ्याने गात होता. मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही, बहुतेक "आई गं!"

लांब गेल्यावर नोखदा सुकाणूपाशी जरा बाजूला सरकला आणि बहिणीला म्हणाला, "पकड." इथे सुकाणूला सुक्कान म्हणतात, जवळजवळ आमचाच शब्द. खालाने दोन्ही हातांनी ते धरलं. तिच्या चेहऱ्यावरून डोक्याचा रुमाल मागे उडाला होता. मागे सूर दिसत होतं, सगळंच्या सगळं: पांढरी घरं, टेकडीवरचे पहाऱ्याचे बुरूज, पूल. समुद्रातून बघितलं की ते गाव अजिबात झोपलेलं वाटत नाही. ते पुढे झुकून, डोळ्यांवर हात धरून बघत उभं असल्यासारखं वाटतं. हे गाव बघायचं तर इथूनच बघायचं, हे मला तेव्हा कळलं. ते बांधणाऱ्यांनी ते इथूनच बघितलं होतं.

मी आईला फोन लावला. रेंज जात येत होती. मी नुसतं शिडाकडे तोंड करून फोन धरला.

"पोट इला!" आई ओरडली. "इला गो पोट!"

नोखदाने माझ्या हातातून फोन घेतला, त्यात बघितलं आणि आपल्या जुन्या मुंबईच्या हिंदीत आईला म्हणाला, "अम्मा, तुम्हारा बाप उस्ताद था." आईला हिंदी बेताचीच येते. पण 'बाप' आणि 'उस्ताद' तिला कळलं. ती पदर तोंडाला लावून बसली आणि मग रेंज गेली.

दुपारी वारा फिरला आणि त्याने आम्हाला पाठीवर हात ठेवून घरी आणावं तसं आणलं. पुलाजवळ गर्दी पांगली नव्हती, उलट वाढली होती. नाव उथळ पाण्यात आली तेव्हा खालाच्या दोन्ही सुना आणि नर्स, हॉस्पिटलच्या कपड्यांतच, पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्या मागे गल्लीतल्या आणखी बायका. चपला हातात.

"आणि आम्ही?" थोरल्या सुनेने आपल्या मामेसासऱ्याला ठणकावून विचारलं. "आमच्या बोटांना काय फोड आले नव्हते?"

नोखदाने आभाळाकडे बघितलं, मग शिडाकडे, मग त्या सगळ्यांकडे. म्हाताऱ्या सोबत्यांना त्याने हाताने खूण केली, उतरा. ते कुरकुरत उतरले. "हवा अच्छा है," तो म्हणाला. "यल्ला, चढो."

त्या एकमेकींना ढकलत, हसत, भिजत चढल्या. जागा पुरेना म्हणून नर्स डोलकाठीला धरून उभी राहिली. मी उतरून काठावर जाणार होते, पण खालाने माझा पदर पकडला. खाडीतच फेरी मारायची होती, तरी सुकाणू आता कोण धरणार यावरून बहीण-भावात भांडण जुंपलं, ती स्वाहिलीत आणि तो अरबीत, आणि ते अजून मिटलं नव्हतं तोच वाऱ्याने शीड भरलं आणि नाव निघालीसुद्धा.